सरकारांची गाडी आणि आमची

इंदुरातील जुन्या मराठी घरांत दोन विषय निघाले की म्हातारी माणसे सावरून बसतात. एक माणिकबाग महाल आणि दुसरा सरकारांची मोटार. येथे 'सरकार' म्हणजे दिल्लीचे किंवा भोपाळचे नव्हे. सरकार म्हणजे श्रीमंत यशवंतराव होळकर दुसरे, ज्यांनी 1930 नंतरच्या दोनतीन वर्षांत एका तरुण जर्मन वास्तुकाराकडून, एकार्ट मुथेसिउसकडून, माणिकबाग सजवून घेतला आणि ज्यांच्या पागेत घोड्यांपेक्षा मोटारींचेच कौतुक अधिक होते. त्या महालात पुढे केंद्रीय उत्पादनशुल्क खात्याचे कार्यालय आले. मोटारी कोठल्या कोठे पांगल्या. तथापि बोलणे काही थांबले नाही. ज्याच्या त्याच्या वडिलांनी लहानपणी रस्त्याच्या कडेला उभे राहून सरकारांची 'ड्यूसेनबर्ग' जाताना पाहिलेली असते. सरकारांकडे बेंटली होती, आल्फा रोमिओ होती, आणखीही पुष्कळ होत्या. पण आमच्या वाडवडिलांनी पाहिली ती प्रत्येक वेळी ड्यूसेनबर्गच! आमच्या तीर्थरूपांनीही तीच पाहिली होती. धुरळा खाली बसेपर्यंत गाडी दिसेनाशी झाली, असे ते स्वतःच सांगत. मग त्या धुरळ्यातून नाव कसे वाचले, हे विचारण्याची आमची छाती झाली नाही.

त्याच तीर्थरूपांनी 1966 साली अ‍ॅम्बॅसेडर घेतली. दुसऱ्या अवताराची, मार्क टू. ती गाडी अजून आमच्या वाड्याच्या पुढल्या चौकात आहे आणि, हे मुद्दाम सांगतो, चालू स्थितीत आहे. तिच्यावरूनच सध्या आमच्या घरी जो वाद चालला आहे तो या लेखाचे निमित्त.

वादाची सुरुवात नातवाने केली. तो पुण्यास यंत्रशास्त्र शिकतो. दिवाळीस घरी आला तेव्हा आमच्या बंधूंनी त्याच्यापुढे ड्यूसेनबर्गची थोरवी गाण्यास आरंभ केला. पोराने शांतपणे वहीचे पान फाडले, मधोमध रेघ ओढली आणि दोन्ही गाड्यांचे आकडे समोरासमोर मांडले. डावीकडे 1930 नंतरच्या दशकातील ड्यूसेनबर्ग एस.जे., उजवीकडे आमची गाडी. सिलिंडर आठ, आणि चार. व्हॉल्व बत्तीस, आणि आठ. कॅमशाफ्ट डावीकडे दोन आणि तेही इंजिनाच्या डोक्यावर. उजवीकडे एक आणि तोही पोटात, तेथून दांड्यांनी वर व्हॉल्व उघडायचे. इंजिनाचा आकार 6,882 घनसेंटिमीटर, आणि 1,489. शक्ती 320 अश्व, आणि 50 ते 55. ड्यूसेनबर्गला हवा दाबून कोंबणारा सुपरचार्जर. आमच्या इंजिनाने जी काय हवा ओढायची ती स्वतःच्या दमाने. सर्वाधिक वेग तिचा ताशी 140 मैलांपर्यंत सांगत असत. आमचा 70-75 मैल, आणि तो आम्ही कधी गाठून पाहिलेला नाही. पुढल्या चाकापासून मागल्या चाकापर्यंतचे अंतर आमच्या गाडीचे 97 इंच. ड्यूसेनबर्गचे सांगाडे दोन मापांत मिळत. त्यांतला जो आखूड, तोच 142½ इंच.

कागद पुढे सरकवून तो म्हणाला, "आबा, सरकारांची गाडी आपल्या गाडीपेक्षा तीस वर्षांनी जुनी. तरी एकूण एक ओळीत ती पुढे आहे. मग मधल्या तीस वर्षांत झाले काय?"

बंधूंना अर्थात हर्ष झाला. "ऐकलेस दादा? पूर्वीचे ते पूर्वीचे!" एवढे बोलून त्यांनी चहाचा पेला उचलला.

प्रश्न मात्र पोराचा खरा होता. मोटारींचे आकडे वाचण्याची आपली रीत अशी आहे की साल वाढले म्हणजे गुण वाढले असे आपण धरून चालतो. येथे ते धरणे जागच्या जागी कोसळते. दर सिलिंडरला चार व्हॉल्व आणि डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, ही रचना ड्यूसेनबर्गने 1928च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात 'जे' ही गाडी मांडली तेव्हाच तिच्यात होती. क्रँकशाफ्टची थरथर जिरवण्यासाठी त्यांनी तिच्यावर पाऱ्याने भरलेल्या नळ्या बसवल्या होत्या. तेल बदलण्याची वेळ झाली, बॅटरीत पाणी घालायचे झाले, की पुढल्या फळीवर दिवा लागे. भारतात सर्वसामान्य माणसाच्या गाडीत यांतल्या निम्म्या गोष्टी यायला साठसत्तर वर्षे लागली. बंधूंचे म्हणणे इथवर बिनतोड आहे.

पण आकडा आकड्याशी लावण्यापूर्वी तो कोणी आणि कशासाठी मोजला हे पाहावे लागते. अश्वशक्तीचेच घ्या. जुन्या गाड्यांच्या कागदांवर जी अश्वशक्ती दिसते ती पुष्कळदा इंजिनाने दाखवलेली नसून कर बसवणाऱ्या कारकुनाने काढलेली असते. इंग्लंडात 1910च्या सुमारास एक सूत्र ठरले: सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा, अडीचने भागा. झाली अश्वशक्ती. पिस्टन किती लांब धावतो, इंजिन किती जलद फिरते, याची विचारपूसच नाही. पिस्टन मिनिटाला हजार फूट जातो असे एकदा गृहीत धरले ते धरले. 1921 पासून तेथे दर अश्वामागे एक पौंड वार्षिक कर बसू लागला, आणि कर चुकवण्याची सोपी युक्ती म्हणून कारखानदारांनी सिलिंडर बारीक व पिस्टनची धाव लांब ठेवण्यास सुरुवात केली. हा कर 1947च्या सुमारास गेला. पण कर जातो, सवय राहते. आमच्या अ‍ॅम्बॅसेडरचे इंजिन मूळ त्याच काळच्या इंग्रजी घराण्यातले. व्यास 73 मिलिमीटर आणि धाव जवळजवळ 89. म्हणजे कलकत्त्याजवळ ओतलेल्या त्या लोखंडात इंग्लंडच्या एका जुन्या कराची खूण शिल्लक आहे.

त्या सूत्राने हिशेब केला तर आमची गाडी 13 अश्वांची भरते आणि सरकारांची 45 अश्वांची. प्रत्यक्षात एकीने 50-55 द्यावे आणि दुसरीने 320 दिल्याचे सांगावे! 'सांगावे' हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. सुपरचार्जर नसलेल्या 'जे'साठी कंपनी 265 अश्वांचा दावा करी आणि त्या दाव्याविषयी जाणत्यांत अजून वाद आहे. 320चा आकडाही कंपनीचाच. तो खरा मानला तर मिनिटाला पावणेपाच हजार फेऱ्यांवर तिचा पिस्टन साडेतीन हजार फुटांच्याही वर धावत होता. सूत्रकर्त्यांच्या कल्पनेच्या साडेतीनपटींहून अधिक. आमच्या गाडीचा पिस्टन जोरात हाकली तर अडीच हजारांच्या आसपास पोचतो. धातूला श्रम कोठे अधिक आहेत ते उघड आहे.

आणखी एक भागाकार नातवाने केला, तो मला सर्वांत आवडला. शक्तीला इंजिनाच्या आकाराने भागले. ड्यूसेनबर्गला लिटरमागे साधारण साडेशेहेचाळीस अश्व पडले, आमच्या गाडीला चौतीस ते सदतीस. मग त्याने तिसरी गाडी आणली, जी कागदावर नव्हतीच: 1983च्या डिसेंबरात आलेली मारुती 800. तीन सिलिंडर, 796 घनसेंटिमीटर, सुमारे 37 अश्व. लिटरमागे पुन्हा साडेशेहेचाळीस! सुपरचार्जर नाही, बत्तीस व्हॉल्व नाहीत. दोन्ही मोजमापांच्या रीती तंतोतंत सारख्या नसतील हे मान्य. तरी सरकारांच्या गाडीची जी मिजास होती ती पन्नासएक वर्षांनी आमच्या शेजारच्या शिक्षकबाईंच्या दारात येऊन उभी राहिली, एवढे खरे. तेव्हा मधल्या काळात झाले काय, याचे अर्धे उत्तर हे: जे एकदा पैशाने करता येत होते ते स्वस्तात करता यायला तेवढा काळ लागला.

उरलेले अर्धे उत्तर इतके गोड नाही. अ‍ॅम्बॅसेडर मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतली. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची सुरुवात 1942 मध्ये ओखा बंदरावर झाली. हा ओखामंडळाचा मुलूख तेव्हा बडोदे संस्थानात होता, हे आमच्या बडोदेकर व्याह्यांना सांगितले की त्यांची मान ताठ होते. पुढे 1948 मध्ये कारखाना बंगालात उत्तरपाड्यास गेला आणि 1958च्या सुमारास तेथून ही गाडी बाहेर पडली. पहिल्या गाड्यांना जुने साइड-व्हॉल्व इंजिन होते. वर्षभरात 1,489चे इंजिन आले आणि तेच मग तीसएक वर्षे चालले. इंग्लंडात ऑक्सफर्डचे नवे नमुने आले आणि गेले. आपल्याकडे पुढली जाळी बदलली, दिवे बदलले, मार्क टूचा मार्क थ्री झाला. परवाने मोजके, गाड्या मोजक्या, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेले. असे असताना सुधारणा कोणासाठी करायची? आमच्या पिढीला या गाडीविषयी हळवे होऊन बोलण्याची सवय आहे. पण बंद दुकानात एकच माल असला की त्यालाच आपण आवडता माल म्हणू लागतो, हेही त्यात आहेच.

आणि ती 'जनतेची गाडी' होती हे तर सपशेल खोटे. 1966 साली आमच्या आळीत तीन मोटारी होत्या. एक डॉक्टरांची, एक कापडगिरणीच्या मॅनेजरची आणि एक आमच्या वकील तीर्थरूपांची. बाकीची आळी सायकलीवर. पुढे तर पांढरी अ‍ॅम्बॅसेडर आणि वर लाल दिवा म्हणजे साक्षात सत्ता. तो दिवा 2017च्या मे महिन्यात उतरला. म्हणजे सरकारांची गाडी गेली आणि सरकारची गाडी आली, रस्त्याच्या कडेला उभे राहणारे आम्ही तेच. बंधूंना मी हे ऐकवले तेव्हा ते म्हणाले, "मग तुझ्या गाडीची बाजू राहिली कोठे?"

बाजू आहे, आणि ती कागदावर एकाही ओळीत नाही.

सिमरोळ सोडून भेरूघाट उतरून आम्ही ओंकारेश्वरास किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. पुढला बाक सलग, गिअर स्टिअरिंगला लावलेला, त्यामुळे पुढे चालकासह तिघे. मागे चौघे आणि त्यांच्या मांडीवर मुले. नऊ माणसे, वर कपाटावर वळकट्या, डिकीत पाण्याची कळशी. परतीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती सावकाश, कुरकुर न करता चढे. मे महिन्यात त्या काळच्या बहुतेक गाड्यांचे होई तेच आमचेही होई: नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन इंजिन मध्येच गप्प. मग इंजिनाच्या पेट्रोलपंपावर ओले फडके टाकायचे, सावलीत दशम्या सोडायच्या, आणि अर्ध्या तासाने पुन्हा निघायचे. बॅटरी बसली तर पुढून हँडल मारायचे. मागल्या पाट्याच्या स्प्रिंगचे पान तुटले तर बडवाहचा लोहारसुद्धा वेळ मारून नेई. 1978 साली आमच्या आईला रात्री दवाखान्यात नेले ते याच गाडीतून, आणि पहाटे परत आणले तेही. ड्यूसेनबर्गच्या बत्तीस व्हॉल्वांची फट लावणारा माणूस त्या वेळी उभ्या हिंदुस्थानात किती ठिकाणी सापडला असता? आमच्या आठ व्हॉल्वांची फट सियागंजाजवळच्या एका मिस्त्रीने तीस वर्षे लावली आणि ती लावताना तो पट्टी वापरीत नसे, कानाने लावी.

हे सारे सांगण्याचे कारण आता येते. 2021च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राहिलेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि क्रमांकात 'व्ही.ए.' ही खास अक्षरे. नियम चांगल्या हेतूचे आहेत. नाहीतर कितीएक उत्तम गाड्या भंगारात गेल्या असत्या. बंधूंच्या मनात आमची गाडी अशी नोंदवायची आहे. त्यांना त्या दोन अक्षरांचा मोह आहे. एकदा ती लागली की आमची अ‍ॅम्बॅसेडर संस्थानी मोटारींच्या पंगतीस बसली असे त्यांना वाटते. पण त्याच नियमांत हेही आहे की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, अभ्यास, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच ती बाहेर पडेल. म्हणजे ओंकारेश्वर बंद. भाजी बंद. नातसुनेला स्टेशनवरून आणणे बंद.

दुसरा मार्ग साध्या नोंदणीचा. पंधरा वर्षे झालेल्या खाजगी गाडीची तपासणी करून दर पाच वर्षांनी मुदत वाढवून घ्यायची. हा खर्च 1 एप्रिल 2022 पासून सहाशेवरून एकदम पाच हजारांवर नेला, आणि जुनी गाडी काढून टाका असाच सरकारचा त्यात इशारा आहे. धुराचा विचार केला तर तो चुकीचा आहे असेही मी म्हणणार नाही. आमची गाडी लिटरला नऊ-दहा किलोमीटर जाते आणि मागे तिचा वास राहतो, हे सुनेने सांगितले ते खरे आहे. म्हणूनच ती आठवड्यातून एकदाच निघते. पण निघते.

माझे मत असे आहे की ड्यूसेनबर्गसारख्या गाडीला प्रदर्शनाचा नियम शोभतो. 'जे' वंशाच्या गाड्या एकूण झाल्या पाचशेच्या आतबाहेर. 1937 साली कारखाना मिटला. होळकर सरकारांसाठी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी तिच्यावर जे अंग चढवले तसे दुसरे झाले नाही. ती गाडी आता परदेशी संग्राहकांच्या मालिकेत गेली आहे, आणि काचेआड असली तरी तिचे काही बिघडत नाही, कारण ती जन्मलीच पाहण्यासाठी. तिच्यात बसलेली माणसे थोडी, पाहणारी लाखो. अ‍ॅम्बॅसेडरचे उलटे आहे. पाहण्यासारखे तिच्यात काही नाही. लाखांनी झाली, 2014च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचे काम थांबेपर्यंत होत राहिली. ती काचेआड ठेवली तर उरेल काय? पन्नास-पंचावन्न अश्व आणि आठ व्हॉल्व, म्हणजे नातवाच्या कागदाची उजवी बाजू. जे कागदावर नाही ते केवळ चालवण्यात आहे: थंडीच्या सकाळी चोक किती ओढायचा, पहिल्या गिअरला गाडी पुरती थांबल्याशिवाय का जाऊ नये, घाटात ब्रेक तापू न देता गिअरवर कसे उतरायचे. ते मिस्त्री एकेक करून जात आहेत. गाडी बसली की त्यांचे कामही बसते, आणि मग पुढे कोणी लाख रुपये दिले तरी कानाने व्हॉल्व लावणारा कोठून आणणार?

आमच्या लोकांची एक खोड आहे आणि ती मी माझ्याही अंगी पाहतो. संस्थान गेल्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली तरी आम्ही आमचे मोठेपण सरकारांच्या धुरळ्यात शोधतो. जे आमचे होते, आमच्या पैशाने घेतलेले आणि आमच्या हातांनी वापरलेले, त्यालाही तोच मुलामा चढवल्यावाचून आम्हांला ते जपावेसे वाटत नाही. बंधूंची दोन अक्षरे मला या कारणाने नकोत. वीस हजारांचा प्रश्न त्यात नाही.

बंधू अजून पटलेले नाहीत. त्यांचे म्हणणे, मी आणि ते गेल्यावर या गाडीला हात लावणारे घरात कोणी नाही; निदान व्हिंटेज म्हणून नोंदली तर कोणी भंगारवाल्यास देणार नाही. यावर माझ्यापाशी चोख उत्तर नाही. एवढेच की नातू या खेपेस परत जाण्यापूर्वी दोन दिवस चौकात तिच्याखाली पडून होता, मिस्त्रींच्या मुलाबरोबर, आणि वर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा होता. कागद त्याने तेथेच कार्बोरेटर पुसायला वापरला.

तपासणीची तारीख पुढल्या महिन्यातली मिळाली आहे. ब्रेकचे लायनर बदलून झाले, उजवा दिवा दुरुस्त केला. हॉर्न मात्र अजून मनाला येईल तेव्हाच वाजतो.